शेठ, वॉट किती होते?

शेठ,



हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण खासगीत विचारून झालं. माझ्या भाचीने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर साधे प्रश्न विचारले होते. तुम्ही ते वाचलेत, निळ्या खुणा आल्या, आणि उत्तर म्हणून एका लिक्विड कूलरचं कोटेशन आलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी तुमच्याकडून मशीन घेतली आहे ते ओळखतील. बाकीच्यांना तुमच्या नावाचा काही उपयोग नाही, हिशेबाचा आहे.

२०२४ च्या दिवाळीत भाचीने तुमच्याकडून मशीन असेंबल करून घेतली. ती अकोल्यात घरी बसून आर्किटेक्ट मंडळींसाठी रेंडर करते. न बांधलेल्या घराचा दिवाणखाना बांधल्यासारखा दाखवायचा, असं ते काम. यात प्रोसेसरचे सगळे कोअर तासन् तास पूर्ण ताकदीने राबतात, आणि हे तिने तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तुम्ही इंटेलचा कोअर आय-सेव्हन १४७००के दिलात, त्यावर एका टॉवरचा एअर कूलर बसवलात, आणि सगळं पुढून बंद काच असलेल्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये घातलंत. डिलिव्हरीच्या आधी तिला स्क्रीनचा फोटो पाठवलात. मोठ्या आकड्यात ६२ अंश सेल्सिअस. खाली तुमचं वाक्य: "बघा मॅडम, एकदम थंड. टेन्शन फ्री."

मे महिन्यात तीच मशीन १०० अंशांवर टेकली. तिने फोन केला तेव्हा तुमचं उत्तर होतं, "एवढं टेंपरेचर? प्रोसेसर जळेल. ३६० चा लिक्विड लावून घ्या." घाबरून तिने ॲडव्हान्सही पाठवला.

म्हणजे एकाच खिडकीतल्या एकाच आकड्यावर तुम्ही आधी समाधान विकलंत आणि मग भीती विकलीत. दोन्ही वेळा पैसे तिचे गेले. दोन्ही वेळा त्या आकड्याबरोबर जे सांगायला हवं होतं, ते तुम्ही सांगितलं नाही.

आधी तुमच्या फोटोबद्दल. तो कापताना खालची एक ओळ अर्धी राहून गेली आहे. पॅकेज पॉवर, ७१ वॉट. या प्रोसेसरची मूळ मर्यादा १२५ वॉट आणि टर्बोची कमाल मर्यादा २५३ वॉट, असं इंटेलनेच जाहीर केलेलं आहे. तुम्ही ७१ वॉटवर चालणारी मशीन दाखवून 'थंड' म्हणालात. गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायची आणि मायलेज दाखवून ती विकायची, तसा हा व्यवहार आहे. रेंडर तर सोडाच, एखादी गंभीर चाचणीसुद्धा त्या वेळी चालू नव्हती. सिनेबेंच फुकट मिळतं, प्राइम९५ फुकट मिळतं. अर्धा तास वीज जाळायची तयारी नव्हती एवढंच.

मशीन घ्यायला भाचीचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, तुमच्याकडे आले होते. काउंटरमागच्या एसीवर २४ आकडा होता, हे त्यांना आठवतं, कारण बाहेरून आल्यावर बरं वाटलं होतं. कॅबिनेटची बाजू उघडी होती हेही त्यांना आठवतं. तुम्ही हीटसिंकच्या पात्यांना त्यांचा हात लावून दाखवलात: "काका, बघा, गार आहे की नाही?" भाऊजी शेतीखात्यातून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ. त्यांनी मान डोलावली. आत कोअर तापलेला असताना वरच्या पात्या गार लागत असतील तर उष्णता पात्यांपर्यंत नीट पोचत नाही, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला माहीत असायला हवं. ज्या खुणेवरून कारागिराने कूलर काढून पुन्हा बसवायला घ्यावा, ती खूण तुम्ही गिऱ्हाइकाला गुण म्हणून दाखवलीत.

आता तुमच्याच फोटोवरून मांडलेला हिशेब. तो सातवीतल्या मुलालाही जमेल. प्रोसेसरवर एकसारखा भार बराच वेळ राहिला की त्याचं तापमान स्थिरावतं. ते खोलीच्या तापमानापेक्षा किती वर राहील, हे दोन गोष्टींवर ठरतं: आत किती वॉट जात आहेत, आणि ती उष्णता बाहेर जायच्या वाटेत अडथळा किती आहे. ६२ मधून २४ गेले, राहिले ३८. ३८ ला ७१ ने भागलं की प्रत्येक वॉटमागे साधारण ०.५३ अंश येतात. हे गणित काटेकोर नाही. भार थोड्या कोअरवर असेल तर एका ठिकाणी उष्णता जास्त साचते, आणि चिप तापली की गळतीची वीजही वाढते. पण अंदाजासाठी ते पुरेसं आहे.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जाणं नवं नाही. भाचीच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० असतं. प्रोसेसरची मर्यादा १००. मधे उरले ६० अंश. ६० ला ०.५३ ने भागा: सुमारे ११२ वॉट. २५३ वॉटचा प्रोसेसर विकलात, आणि त्याला उन्हाळ्यात ११२ वॉटच्या पुढे जाताच येणार नाही, हे नोव्हेंबरमध्येच त्या फोटोत लिहिलेलं होतं. सुपरकॉम्प्युटर लागत नव्हता, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरला असता.

मी अकोल्याला गेलो, रेंडर लावलं आणि पाहिलं. १०० अंशांवर मशीन ११८ वॉट धरून होती. कोअरचा वेग पाच-साडेपाच गिगाहर्ट्झऐवजी चारच्या आसपास.

यापुढचं नीट वाचा, शेठ, कारण सगळं भांडण इथेच आहे. मर्यादेला टेकलेल्या प्रोसेसरचं तापमान बघून काहीही कळत नाही. तो १०० च्या पुढे जाणार नाही आणि खालीही येणार नाही, कारण त्या रेषेवर राहण्यासाठी तो स्वतःच वेग आणि व्होल्टेज कमी करत असतो. तिथे बघायचं असतं ते वॉट आणि वेग. मी कॅबिनेटची बाजू उघडली. आकडा १०० च राहिला, वॉट ११८ वरून १३० झाले. म्हणजे तुमच्या बंद काचेच्या कॅबिनेटमध्ये हवा कोंडत होती, पण खरा रोग दुसरीकडे होता. मग प्रत्येक कोअरचं तापमान वेगवेगळं पाहिलं. काही मोठे कोअर १०० वर, तर त्यांच्याच जातीचे दुसरे ७९-८० वर. पाच-सात अंशांचा फरक सगळ्याच चिपमध्ये असतो. वीस अंशांचा फरक दिसला की कूलर एका बाजूला नीट टेकलेला नाही, असा संशय घ्यायचा.

कूलर काढला. एका बाजूचा स्क्रू अर्धाच फिरवलेला होता. पेस्ट प्रोसेसरच्या झाकणाच्या अर्ध्या भागावर जाड थरात, उरलेल्या अर्ध्यावर जवळजवळ नाहीच. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतात आणि त्या फटींत हवा बसते. हवेची उष्णतावाहकता ०.०२६ च्या आसपास, तांब्याची ४०० च्या आसपास, चांगल्या पेस्टची या दोघांच्या मधे, हवेपेक्षा शंभर पटींहून जास्त आणि तांब्यापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून पेस्ट फटी भरण्यापुरती लागते. थर जाड झाला की तीच आडवी येते, आणि मुळीच नसेल तर हवा आडवी येते. तुमच्या दुकानातल्या मुलाने दोन्ही चुका एकाच चिपवर केल्या. मी त्या मुलाला दोष देत नाही. दिवाळीच्या गर्दीत त्याला एका मशीनला किती मिनिटं दिली असतील, हे तुम्ही ठरवलंत. तपासणी न करता माल बाहेर सोडायचं, हेही तुम्हीच ठरवलंत.

जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही बाजू आळीपाळीने सारख्या आवळल्या. त्याच खोलीत, त्याच दुपारी पुन्हा रेंडर लावलं. स्क्रीनवर किती अंश होते? १००. तुमच्या पद्धतीने पाहिलं तर काहीच सुधारलं नाही, लिक्विड कूलर घ्यावाच लागेल. पण वॉट होते १५५. वाट मोकळी होताच प्रोसेसरने मिळालेली सगळी जागा कामासाठी वापरली आणि पुन्हा त्याच रेषेवर जाऊन उभा राहिला. आकडा तोच, मशीन वेगळी. तुम्ही ज्या एका आकड्यावर दुकान चालवता त्याला हा फरक दिसतच नाही.

मग बायोसमध्ये जाऊन मर्यादा १२५ वॉटवर आणली. तापमान ८८ वर थांबलं, पंख्याची घरघर कमी झाली, आणि वेग तुम्ही दिलेल्या अवस्थेपेक्षा कमी झाला नाही. या प्रोसेसरना शेवटच्या थोड्या वेगासाठी फार जास्त वीज लागते. वॉट निम्मे केले म्हणून काम निम्मं होत नाही, त्याहून पुष्कळ कमी घटतं. हिवाळ्यात खोली २४ वर आली की हाच कूलर १९० वॉटच्या आसपास झेलेल, तेव्हा भाची मर्यादा वाढवून घेईल. एवढ्यासाठी तुम्ही तिच्याकडून नव्या कूलरचे पैसे मागत होतात.

'जळेल' या तुमच्या शब्दाबद्दल. तो शब्द २००१ सालातला आहे. त्या वर्षी टॉम्स हार्डवेअरने एक चित्रफीत केली होती. चालू मशीनवरचा हीटसिंक काढायचा आणि काय होतं ते बघायचं. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. पेंटियम ३ जागच्या जागी थांबला, पण वाचला. पेंटियम ४ चालत राहिला, फक्त मंदावला, आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा वेग घेऊन पुढे निघाला. ती चित्रफीत जगभर फिरली आणि 'प्रोसेसर जळतो' ही धास्ती तिने पक्की केली. त्याला वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आज बाजारात मिळणारा प्रत्येक डेस्कटॉप प्रोसेसर आधी वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन बंद करतो. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनही तुम्ही तो शब्द एका तरुण मुलीला, तिची डेडलाइन डोक्यावर असताना, फोनवर ऐकवलात. तिने लगेच पैसे पाठवावेत म्हणून.

याचा अर्थ १०० अंश उत्तम असाही नाही. वर्षानुवर्षं रोज तासन् तास एवढं तापमान आणि त्यासोबत जास्त व्होल्टेज राहिलं तर चिपमधल्या तारा लवकर झिजतात. म्हणून मी १२५ वॉट आणि ८८ अंश निवडले. पण 'झीज वेगाने होईल, मर्यादा घालून घ्या' असं म्हणण्यात विक्री नसते.

तुमच्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची तक्रारही माझ्याकडे आली आहे. भाचीच्या ओळखीचा मुलगा. त्याच्या रायझन ९ ७९५०एक्सवर पूर्ण भारात ९५ अंश दिसतात म्हणून तुम्ही त्यालाही घाबरवलंत. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिका आली तेव्हाच एएमडीने सांगितलं होतं की पूर्ण भारात ९५ पर्यंत जाणं हे या प्रोसेसरचं ठरवलेलं वागणं आहे. १७० वॉटचा हा प्रोसेसर सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत घेतो, आणि ९५ ची रेषा गाठेपर्यंत वेग वाढवत राहतो. मोठा कूलर लावला तरी तो बऱ्याचदा ९५ वरच दिसेल, फक्त थोडा जास्त वेगाने. त्याच मुलाला बायोसमधला इको मोड लावून दिला असता तर एक पैसा खर्च न होता तापमान बरंच खाली आलं असतं. तुम्ही त्याला तो पर्याय असल्याचंही सांगितलं नाही.

८५ अंश वाईट की चांगले? प्रोसेसर कोणता, हे आधी सांगा. १४७००के ची रेषा १०० ची. रायझन ७ ७८००एक्स३डी ची ८९ ची, म्हणजे तो ८५ वर असेल तर कडेला उभा आहे. रायझन ५८००एक्स आणि ५९००एक्स दोन्ही १०५ वॉटचे, पण ५८००एक्स जास्त गरम दाखवतो, कारण त्याच्या कोअरची सगळी उष्णता सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपलेटमधून बाहेर पडते आणि ५९००एक्समध्ये ती दोन चिपलेटांत वाटली जाते. कूलर तोच, वॉट तेच, आकडे वेगळे. आणि २०१७ मध्ये तर पहिल्या रायझनच्या १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरनी कळवलेल्या तापमानात एएमडीने स्वतःच २० अंश मिळवलेले होते, सगळ्या मॉडेलांच्या पंख्यांचं वागणं सारखं राहावं म्हणून. ज्यांनी ते वाचलं नाही, त्यांनी न तापलेल्या प्रोसेसरसाठी मोठे कूलर घेतले. अशा वेळी आकडा वाचून दाखवणारा दुकानदार काय कामाचा? वाचता गिऱ्हाइकालाही येतं.

मशीन रिकामी असताना ३१ की ३८, यावर तुमच्या काउंटरवर पैजा लागतात असं ऐकलं. इंटेलचा आतला सेन्सर प्रोसेसर आपल्या मर्यादेपासून किती दूर आहे हे मोजतो. मर्यादेजवळ तो भरवशाचा असतो, जसजसं खाली जावं तसतशी चूक वाढत जाते. कमी तापमानातल्या दोन-चार अंशांवरून कूलरची लायकी ठरवणं हा वेळेचा अपव्यय आहे. मदरबोर्डवरच्या काही ओळी तर कुठेही न जोडलेल्या सेन्सरच्या असतात आणि १२७ असला आकडा दाखवतात. तुमच्या एका गिऱ्हाइकाला त्या १२७ वरून बोर्ड बदलायला सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. खरं असेल तर त्या माणसाला बोर्ड परत द्या.

लिक्विड कूलरशी माझं वैर नाही. ज्याला २५० वॉट सतत लागतात त्याच्यासाठी ३६० चा रेडिएटर योग्यच. पण तो विकताना तुम्ही काय सांगितलंत? "रूमसुद्धा थंड राहील." शेठ, प्रोसेसर जेवढे वॉट घेतो तेवढी सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते, कूलर हवेचा असो की पाण्याचा. चांगल्या कूलरमुळे चिप गार राहते, खोली नाही. उलट त्या वाढीव वॉटमुळे भाचीची वरच्या मजल्यावरची खोली आणखी तापली असती. आणि कुठलाही रेडिएटर खोलीच्या हवेपेक्षा खाली जाऊ शकत नाही. खोलीत ४० असेल तर पाणीही ४० च्या वरच. तो रेडिएटर तुम्ही त्याच बंद काचेमागे बसवणार होतात, जिथे पंख्यांना ओढायला हवा नाही. शिवाय पाणी तापायला वेळ लागतो, अर्धा तास सहज. म्हणजे तुमच्या सवयीप्रमाणे दोन मिनिटांत काढलेला फोटो त्या वेळी आणखी सुंदर आला असता.

तिने खोलीत पाण्याचा कूलर लावला आहे, जसा विदर्भात घराघरात असतो. तुम्ही तिला मशीन त्याच्या झोतात ठेवायला सांगितलंत. हवा गार मिळेल हे खरं, पण त्या झोतात ओलावा असतो, कधीकधी तुषारही, आणि धूळ ओली होऊन पात्यांवर लिंपली जाते. मशीन झोतापासून बाजूला, खोलीच्या खालच्या भागात, आणि पुढची काच काढून जाळी लावलेली, असं आम्ही आता ठेवलं आहे. जाळी दर महिन्याला झटकायची. एवढंच सांगायला हवं होतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट नुसत्या टेंपरेचरची नाही, आणि म्हणूनच ती तुमच्या फोटोत दिसत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरता निघाली. गेम बंद पडायचे, ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरपूर शिल्लक असताना ती संपल्याचे संदेश यायचे. इंटेलने जुलैमध्ये सांगितलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ ही दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक. खोक्यातून विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाचपर्यंत नेली गेली. आणि कित्येक मदरबोर्ड तयार होतानाच वॉटची मर्यादा ४०९६ वर ठेवून येत होते, म्हणजे मर्यादा नाहीच, हेही तेव्हा सगळ्यांसमोर आलं. हे सगळं दिवाळीच्या आधी झालेलं आहे.

तुम्ही दिलेल्या मशीनचा बायोस जुना होता. दुरुस्ती त्यात नव्हती. मर्यादा ४०९६ वर होती. ज्या नुकसानीबद्दल जगभर चर्चा चालू होती, ते नुकसान ६२ अंशांवरही होऊ शकत होतं, कारण मूळ दोष व्होल्टेजमध्ये होता. मशीन थंड दिसते एवढ्यावर तिला निरोगी म्हणून तुम्ही ती एका स्वतःच्या पायावर उभ्या राहू पाहणाऱ्या मुलीच्या हातात दिलीत. पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन बायोस बदलायला दहा मिनिटं लागतात. ती मी अकोल्यात तिच्या टेबलावर बसून घालवली. ती तुमच्या दुकानात, तुमच्या पगारी माणसाने घालवायची होती. त्या सात महिन्यांत प्रोसेसर किती झिजला, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

यापुढे कुणाला फोटो पाठवाल तर तो कापू नका. तापमानाच्या शेजारी वॉट दिसू द्या, कोअरचा वेग दिसू द्या, चाचणी किती वेळ चालली ते दिसू द्या. कॅबिनेट बंद करून मोजा, आणि शेजारी शंभर-दोनशे रुपयांचा खोलीचा थर्मामीटर ठेवा. तुमचं दुकान २४ वर आणि गिऱ्हाइकाचं घर ४० वर असेल, तर तो १६ अंशांचा फरक तोंडाने सांगा. चाचणी अर्धा तास तरी चालवा, लिक्विड असेल तर जास्त. मशीन रेंडरसाठी असेल तर सगळ्या कोअरवर भार टाकून बघा. गेमिंगची असेल तर ग्राफिक्स कार्डही सोबत तापू द्या, कारण त्याची गरम हवा त्याच कॅबिनेटमध्ये फिरते.

आता आमच्या बाजूचं. पेस्टचे आणि माझ्या वेळेचे पैसे मागत नाही. भाचीने लिक्विड कूलरसाठी पाठवलेला ॲडव्हान्स ज्या नंबरवरून आला त्याच नंबरवर परत पाठवा. प्रोसेसरचं खोकं तुम्ही दुकानातच ठेवून घेतलंत, तेही बिलाच्या प्रतीसह कुरिअर करा. वॉरंटीच्या वेळी त्यावरचे नंबर लागतात. खोकंच नसेल, म्हणजे तिला ट्रेमधला प्रोसेसर खोक्याच्या भावात दिला असेल, तर तसं दुकानाच्या लेटरहेडवर लिहून द्या. त्याची वॉरंटी मग इंटेलकडून थेट मिळत नाही, जिथून घेतला तिथून मागावी लागते, आणि ती आम्ही तुमच्याकडे मागू.

भाचीचा मामा